भरारी पथकातले पप्पा

नववी ब ची पालकसभा सुरू झाली तेव्हा बेचाळीस पालक हजर होते आणि वर्गात एकही माणूस बसलेला नव्हता. प्रत्येक बाकावर साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. तिला छायापालक म्हणत. आईवडिलांच्या आवाजाची जुनी ध्वनिमुद्रणं पुरवली, की ती त्यांच्यासारखी बोले, मुलांची चौकशी करी, प्रगतिपुस्तकावर सही उमटवी. वर्गशिक्षिका कोरकेबाईंनी वार्षिक निकाल वाचला. बेचाळीस डब्या एकदम म्हणाल्या, "लक्ष घालतो, मॅडम." सभा संपली. चार मिनिटं लागली.

त्यातली एक डबी उमाकांत सुरवसे यांची होती, आणि खुद्द सुरवसे दारात उभे होते. कुठं बसावं ते त्यांना कळेना, कारण त्यांच्या जागी ते आधीच बसलेले होते.

सुरवसे शिक्षण खात्यात, कॉपी पकडणाऱ्या भरारी पथकात होते. अकरा वर्षं ते तीन जिल्ह्यांतल्या मुलांच्या अभ्यासाची काळजी करत फिरत होते. बायकोची नोकरी नांदेडला. बार्शीच्या घरात त्यांची मुलगी शलाका, स्वयंपाक करून जाणाऱ्या मावशी आणि डबी. डबीला शाळेचा आदर्श पालक पुरस्कार दोनदा मिळाला होता. तो घ्यायलाही डबीच गेली होती.

आज मात्र त्यांना स्वतः यावं लागलं. शलाका तीन विषयांत नापास झाली होती आणि फेरपरीक्षेच्या अर्जावर डबीची सही चालत नाही, हाडामांसाचा पालक लागतो. मुदत आज पाचपर्यंत. सही झाली नाही तर नववी पुन्हा.

बाईंनी शलाकाला आत बोलावलं आणि तिच्या तीन उत्तरपत्रिका पुढं ठेवल्या. चौतीस, चौतीस, चौतीस. प्रत्येकीत शेवटचं उत्तर बरोबर लिहून, मग पट्टीनं सरळ रेघ मारून खोडलेलं.

"एवढं नेमकं नापास व्हायलाही अभ्यास लागतो, साहेब," बाई म्हणाल्या.

वर्षाच्या सुरुवातीला तिला एक्याण्णव टक्के पडले होते. डबी म्हणाली, शाब्बास, अशीच प्रगती कर. सहामाहीला अठ्ठावन्न. डबी म्हणाली, शाब्बास, अशीच प्रगती कर. त्यानंतर तिनं पाठ्यपुस्तक मिटलं आणि शाळेची नियमावली वाचायला घेतली, असं बाईंनी सांगितलं. पालकाला स्वतः कधी यावं लागतं, ते त्यात एकाच, फेरपरीक्षेच्या कलमात होतं.

सहीआधी पडताळणी होती. गेल्या वर्षी एकानं वडील म्हणून ड्रायव्हर पाठवला होता, तेव्हापासून. भिंतीवरचं यंत्र मुलाविषयी दहा प्रश्न विचारी. उत्तरं मुलांनीच आधी भरून ठेवलेली असत. चार आली की पास.

तुकडी कोणती? सुरवसे म्हणाले, "अ." जिवलग मैत्रीण? "पुढचा प्रश्न," ते म्हणाले. चष्मा कधी लागला? त्यांनी वळून शलाकाकडे पाहिलं. चष्मा होता. तिला शोभतही होता. जन्मतारीख मात्र बरोबर आली, कारण तो त्यांचा पासवर्ड होता. सहा प्रश्न झाले, बरोबर एक.

शलाका शेजारी उभी होती, समोर फळ्याकडे बघत. बाकाआडून तिचा हात सरकला आणि सुरवसेंच्या बोटांना घडी घातलेला कागद लागला.

पुढचं त्यांनी केलं नाही, अकरा वर्षांच्या सवयीनं केलं. त्यांनी ते मनगट घट्ट धरलं, वर उचललं आणि नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाले, "कॉपी. उभी राहा."

ती उभीच होती.

यंत्रानं ऐकलं. पडताळणी रद्द, पुढची संधी जूनमध्ये, म्हणजे अर्जाची मुदत संपल्यावर. बाईंनी रदबदली केली, पण यंत्र बाईंचं ऐकत नसे. सुरवसेंनी सांगितलं, अहो, ही माझीच मुलगी आहे.

"हे सिद्ध झालेलं नाही," यंत्र म्हणालं.

शलाका रडली नाही. "पप्पा, मनगट सोडा," एवढंच म्हणाली.

त्यांनी कागद उलगडला. बारीक अक्षरात नऊ उत्तरं होती. तुकडी ब. मैत्रीण झीनत. चष्मा आठवीतल्या दिवाळीत. दहाव्या प्रश्नापुढं उत्तर नव्हतं. तिथं लिहिलं होतं: लाडाचं नाव – हे पप्पांना येतं.

सुरवसेंनी आठवून पाहिलं. पकडलेल्या कितीतरी मुलांचे बैठक क्रमांक आठवले. नाव आठवेना. वर्गातल्या घड्याळात पाच वाजले.

शाळा सुटल्याची घंटा झाली तशी बाकावरची डबी जागी झाली. सुरवसेंच्याच आवाजात, पण त्यांनी कित्येक वर्षांत न वापरलेल्या मऊ आवाजात ती म्हणाली, "ठकू, चल घरी. भूक लागली असेल."

"हो पप्पा," शलाका म्हणाली. तिनं डबी उचलून दप्तरात ठेवली आणि ती दाराकडे निघाली.

सुरवसेंनी हाक मारायला तोंड उघडलं. नाव आता जिभेवर होतं. पण ऐकून मिळालेलं उत्तर होतं ते. त्या नावानं हाक मारली, तर तीही कॉपीच ठरेल का?