खात्रीचं रक्त

आमच्या रक्तपेढीचा दिवस माझ्या रक्ताने सुरू व्हायचा. गंमत नाही, खरंच. रक्तगट ओळखायचं औषधच रोज सकाळी आधी तपासून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी ज्याच्या गटाबद्दल तिळमात्र शंका नाही असं रक्त लागतं. ए गटासाठी नऊ वर्षं ते माझंच होतं. माझा एक थेंब, औषधाचा एक थेंब, काडीने ढवळलं की पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर लाल दाणे जमायचे. आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणायचो, वहीत सही ठोकायचे आणि म्हणायचे, "बाई, तुझ्यावर पेढी चालते."

घरी आम्ही तिघीच. आई, ताई आणि मी. ताई नर्स होती, पण मागच्या वर्षी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरत गेल्या आणि तिची नोकरी सुटली. साधा ताप आला तरी तिला दवाखान्यात ठेवावं लागायचं. माझ्या हाडांतली मज्जा तिला चालेल का, म्हणून माझी तपासणी झाली. जुळली नाही. अहवाल वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला. आई शेजारीच बसली होती.

पुढे ताईने कुठूनसं ते इंजेक्शन मिळवलं. पेप्टाइड म्हणे, प्रतिकारशक्ती वाढवणारं. खोक्यात दोन कुप्या यायच्या, तळाशी चिमूटभर पांढरी पूड, त्यात पाणी सोडायचं आणि न हलवता हळूहळू विरघळू द्यायचं.

"एक तुला," ताई म्हणाली. "तू दिवसभर चार लोकांत वावरतेस. तू काहीतरी घेऊन येणार आणि बाधणार मला."

पटण्यासारखं होतं. मी स्वतः टोचून घेते म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे, तुझा हात जड आहे." मग दर बुधवारी आणि रविवारी चहाच्या आधी ती मला बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायची. आधी मला, मग स्वतःला.

दोन महिन्यांत ताई कठड्याला हात न लावता जिना चढू लागली. मला इतका आनंद झाला की पेढीत पेढे वाटायचे तेवढे राहिले. त्याच सुमारास दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर कुठे काही न लागता काळेनिळे डाग उठायचे. "दगदग होतेय तुला," आई म्हणाली.

मग एका सकाळी माझ्या थेंबात नीट दाणे जमले नाहीत.

"औषध गेलं," म्हणत दुर्बिणींनी ती बाटली बाद केली. नवी फोडली, तिचंही तेच. तीही बाद झाली. माझ्या रक्तावर कुणी संशय घेतला नाही. मीसुद्धा नाही.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी ताजा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दाणे होते, पण त्यांच्यामधून कितीतरी पेशी सुट्या फिरत होत्या. औषधाला अजिबात न जुमानता. बाहेरचं रक्त चढवलेल्या पेशंटचं असं दिसतं. मला आयुष्यात कुणी रक्त चढवलेलं नाही. बी गटाच्या औषधालाही त्या जमल्या नाहीत, म्हणजे त्या सुट्या पेशी ओ गटाच्या होत्या.

ताईचा गट ओ.

माझं मलाच हसू आलं. पोटात टोचलेल्या चिमूटभर पुडीने कुणाचा रक्तगट बदलत नसतो. तरी मी रोज पाहत राहिले. पहिल्या आठवड्यात सुट्या पेशी पाव होत्या, तिसऱ्यात निम्म्याहून जास्त. सकाळच्या तपासणीला दुर्बीण आता दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊ लागले होते. माझ्याकडे न बघता.

रविवारी ताईने स्वतःला टोचल्यावर पुसलेला कापूस मी कचऱ्यातून उचलला आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाकून ठेवला. सोमवारी पेढीत सगळ्यांच्या आधी पोचले, कापसातून सुटलेल्या पेशी धुतल्या आणि औषधाचा थेंब टाकला.

दाणे जमले. घट्ट, स्वच्छ, नऊ वर्षं माझे जमायचे तसे. मी तीनदा करून पाहिलं. सुटी पेशी एकही नव्हती.

मला रडू आलं नाही, संताप आला. दवाखान्यात तिच्या पायाशी बसून मी डबे खाल्ले होते. औषधांनी तिचे केस गळायचे तेव्हा ते उशीवरून तिच्याआधी मी वेचायचे, तिला दिसू नयेत म्हणून. आणि तिने मला समोर बसवून, गप्पा मारत, हे केलं होतं.

बुधवारी ती सिरिंज भरत असताना मी विचारलं, "ताई, त्या कुपीत काय आहे?"

"तुला माहीत नाही का?"

"तुझा गट ए आलाय."

तिचा हात थांबला. "पूर्ण?" तिने विचारलं. "एकही सुटी पेशी नाही?"

"नाही." मी सवयीने उत्तर देऊन गेले.

तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाही बरं वाटलं.

"आणि माझं काय?"

तिने सिरिंजवर टिचकी मारून बुडबुडा वर आणला. "तुझं थोडं राहिलंय."

मग तिने आतल्या खोलीकडे हाक दिली. "आई, हिला कळलं गं."

काय कळलं, असं आई विचारेल म्हणून मी दाराकडे बघत राहिले. तेवढं एक विचारलं असतं, तरी मला पुरलं असतं.

"बरं झालं," आतून आई म्हणाली. "आता तिला आडवं होऊन घेऊ दे. बसून घेतलं की चक्कर येते तिला."

आई उशी घेऊन आली. ती माझ्या शेजारी ठेवून तिने अभ्रा दोन्ही हातांनी सारखा केला, आणि माझ्या व दाराच्या मध्ये खुर्ची ओढून बसली.