शंभर टक्के आप्पा

सुपार्श्व फाउंड्रीची प्रयोगशाळा भट्टीच्या बरोबर वर, काचेच्या मजल्यावर होती. खाली चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस खदखदत असला, तरी वर बसणाऱ्याला एसीमुळे स्वेटर घालावा लागे. बुधवारी सकाळी डॉ. यास्मिन मुजावर तिथल्या पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसली होती. शेजारी सन्मती बिरनाळे हाताची घडी घालून उभी होती. पडद्यावर एकच ओळ होती.

'ओतण्याचा हुकूम कोणी द्यावा: आप्पा. निर्णय बरोबर ठरण्याची शक्यता: शंभर टक्के.'

"शंभर?" यास्मिन म्हणाली. "उद्या सूर्य उगवेल का, असं विचारलं तरी माझं यंत्र शंभर देत नाही."

"हळू बोल. आप्पा सकाळीच बघून गेलेत. खाली पेढे वाटायला लागलेत."

या यंत्राला यास्मिनने नाव दिलं होतं अनुभवयंत्र. फाउंड्रीत बत्तीस वर्षं कॅमेरे होते, तापमापक होते, प्रत्येक कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, ध्वनितपासणीचा अहवाल होता, आणि आप्पांचा आवाज तर सगळीकडेच होता. कोणत्या परिस्थितीत कोणी काय ठरवलं आणि त्यातून काय निघालं, हे सगळं यंत्राने वाचलं होतं. नवं काम आलं की कोणाच्या निर्णयावर भरवसा ठेवावा, ते यंत्र सांगणार होतं.

त्याला कारण होतं आप्पांचं हृदय. भट्टीतून रस सोडण्याआधी एका माणसाने 'सोडा' म्हणायचं आणि शेवटचा थेंब साच्यात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही इथली रीत. बत्तीस वर्षं तो माणूस म्हणजे बाबगोंडा बिरनाळे, अख्ख्या वसाहतीचे आप्पा. आता ते चौऱ्याहत्तरचे झाले होते. भट्टीच्या धगीत पुन्हा उभे राहिलात तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगून झालं होतं. आप्पा डॉक्टरांचं ऐकत नव्हते आणि मुलीचं, सन्मतीचं, तर त्याहून नाही. यंत्राचं मात्र ऐकेन म्हणाले. माझ्या जागी कोण, ते त्याला ठरवू दे. सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेल्या सन्मतीने मोठ्या आशेने यास्मिनला पुण्याहून बोलावलं होतं. आणि यंत्राने आप्पांना पुन्हा भट्टीशेजारी नेऊन उभं केलं.

शनिवारी मोठं काम होतं. समुद्राच्या लाटांवर वीज करणाऱ्या प्रकल्पासाठी टर्बाइनचा चार टनी तुंबा, म्हणजे पाती बसतात तो मधला भाग, ओतायचा होता. आप्पा तो आहे तसाच ओतायचा म्हणत होते. सन्मतीचं म्हणणं, त्याचे हात पातळ आणि पोट जाड आहे; हात आधी निवतील, पोट मागून आकसेल आणि जोडावर चीर जाईल.

"यंत्र म्हणतंय, माझा निर्णय बरोबर," आप्पा प्रसन्नपणे म्हणाले. "लई शिकलेलं हाय ते. तरी तुझ्या समाधानासाठी आज लहान नमुना ओतू."

नमुना ओतला. दुपारी साचा फोडला, तर सन्मतीने बोट ठेवलं होतं तिथेच चीर होती.

आप्पा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. साचा भरणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे रे. भट्टीत टाका." घण पडले, तुकडे झाले आणि पाचच्या भोंग्याआधी नमुना पुन्हा रस झाला.

यास्मिन वरून बघत होती. ती जिना उतरून धावत खाली आली आणि तिने साचेविभागाच्या रावसाहेब खोतांना गाठलं. "याची नोंद कुठं होते?"

"नोंद?" रावसाहेबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, भट्टीत गेलं की विषय संपला. कॉम्प्युटरमधनं पण काढून टाकतो आम्ही. दुसऱ्या दिवशी कोण बोलायचं न्हाई त्यावर. आप्पांचा नियमच हाय."

नियम खराच होता आणि तो प्रेमातून आला होता. तरुणपणी आप्पा ज्या फाउंड्रीत कामाला होते, तिथे बिघडलेलं कास्टिंग फाटकावर टांगत आणि त्याखाली ते ओतणाऱ्याचं नाव खडूने लिहीत. आप्पांचं नाव तिथे चार वेळा लागलं होतं. स्वतःची भट्टी पेटवली त्या दिवशी त्यांनी ठरवलं, माझ्याकडे कोणाचं नाव टांगलं जाणार नाही. बत्तीस वर्षांत सुपार्श्व सोडून एकही माणूस गेला नाही, त्याचं कारण हेच.

"चूक माझ्या यंत्राची नाही," प्रयोगशाळेत परत आल्यावर यास्मिन म्हणाली. "आपण त्याला बत्तीस वर्षांचा अनुभव दिला असं समजत होतो. खरं तर त्या अनुभवातून जे टिकलं तेवढंच दिलं. पंचगंगेत पोहून परत आलेल्यांनाच कोणी भेटत राहिलं, तर तो काय म्हणेल?"

"या नदीत कोणी बुडत नाही."

"आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणेल. तुमची फाउंड्री तिचं अपयश रोज संध्याकाळी खाऊन टाकते, सन्मती. यंत्राला अपयश नावाची गोष्टच माहीत नाही."

सन्मती पडद्याकडे वळली. "माझं नाव किती वेळा आलंय त्यात?"

"नऊ."

"सोळा वर्षांत नऊ? नवं आणि अवघड काम आप्पा मलाच द्यायचे. म्हणायचे, तू शिकलेली आहेस." तिने खाली भट्टीकडे पाहिलं. "म्हणजे बाकीची मी तिथं आहे."

उपाय एकच होता. जे भट्टीत गेलं ते माणसांच्या तोंडून परत मिळवायचं. यास्मिनने त्याला चुकांची साक्ष म्हटलं, आणि गुरुवारी सकाळी कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं. पहिला तास नुसता चहा झाला. बत्तीस वर्षांची सवय, तोंड उघडेना. मग रावसाहेबांनी खाकरून एकदा साच्यातला गाभा उलटा बसवल्याची हकीकत सांगितली, आणि नंतर आवरता आवरेनात. कोणी वाळूत पाणी जास्त घातलं होतं, कोणी रस गार होईपर्यंत जावयाशी फोनवर बोलत राहिला होता. एकाचं ऐकून दुसऱ्याला आपलं आठवे. माझी त्याच्यापेक्षा मोठी होती, अशी चढाओढ लागली. सन्मतीनेही आपल्या चाळीस सांगितल्या. संध्याकाळपर्यंत सहाशे तेरा साक्षी जमल्या आणि रातोरात यंत्राचं पुनर्शिक्षण झालं.

शुक्रवारी सकाळी पडद्यावर उत्तर आलं. रावसाहेब: एकसष्ट टक्के. सन्मती: अठ्ठेचाळीस. आप्पा: शंभर.

यास्मिनने साक्षी चाळल्या. आप्पांच्या नावावर सहाशे तेरापैकी एकही चूक नव्हती. तिने रावसाहेबांना वर बोलावलं.

रावसाहेब डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाले, "आप्पांच्या चुका आम्ही कशा सांगायच्या ओ? त्यांनी आमच्या कधी सांगितल्या न्हाईत."

सन्मतीच्या चाळिसातही आप्पांची एकही नव्हती. आपण ती गाळली, हेसुद्धा तिला आत्ता कळत होतं. कालपर्यंत यंत्राला वाटत होतं की इथे कोणीच चुकत नाही. आता त्याची पक्की खात्री झाली होती की सगळे चुकतात, फक्त आप्पा चुकत नाहीत. दोन दिवस खपून त्यांनी एवढंच साधलं होतं.

ती आप्पांच्या केबिनमध्ये गेली. आप्पा शनिवारसाठी जाड बूट पुसत बसले होते.

"आप्पा, तुम्ही चुकला नाहीत तर तुम्हाला घरी जाता येणार नाही."

आप्पा हसले. "मग न्हाई जात."

"मला तुमची जागा हवी आहे," सन्मती म्हणाली. इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती. "खूप वर्षं हवी आहे. आणि त्या जागेवर तुम्ही कोसळलेले मला बघायचे नाहीत. दोन्ही खरं आहे. मला तुम्ही हवे आहात, आप्पा."

आप्पांनी बूट खाली ठेवला. मग उठले आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत प्रयोगशाळेत गेले.

"हे कुठं बोलायचं?" त्यांनी यास्मिनला विचारलं. तिने ध्वनिग्राहक पुढे सरकवला.

"पहिली," आप्पा म्हणाले. "धरणाच्या पंपाचं कवच. सन्मती म्हणाली होती, वाळू ओली हाय. मी म्हटलं, सोडा. आत सगळी भोकं पडली. दुसरी. साखर कारखान्याचा रोलर. सन्मती म्हणाली, घाई नको, अजून तापू दे. मी म्हटलं, सोडा."

एकामागून एक येत राहिलं. तारखा, वजनं, त्या दिवशी हवा कशी होती, सगळं. काही पुसलं गेलं नव्हतं. फक्त एका माणसाच्या पोटात साठून राहिलं होतं. दारात रावसाहेब आणि चार-पाच जण येऊन उभे राहिले. सन्मतीला आजवर वाटायचं की आपलं बोलणं आप्पांच्या कानावरच पडत नाही. त्यांना तिचा शब्द न् शब्द पाठ होता, आणि हे ऐकून तिचे डोळे भरून आले.

पडद्यावरचे आकडे हलू लागले. सन्मती त्रेसष्ट. सन्मती एकोणऐंशी. आप्पा उतरत होते, ती चढत होती. चाळिसाव्या चुकीला ती नव्वदवर गेली. त्रेचाळिसाव्याला सत्त्याण्णव.

"तीन वर्षांपूर्वीचा रेल्वेचा ब्रेकड्रम," आप्पा म्हणत होते. "त्यात पण चूक माझीच."

सन्मतीने मान वर केली. तो ड्रम आप्पांचा नव्हता. त्याआधी सांगितलेल्या दोन चुकाही त्यांच्या नव्हत्या. गुरुवारी तिने त्या तिन्हींची कबुली दिली होती. आप्पा त्या आपल्या नावावर करून घेत होते आणि यंत्र मालकाचा शब्द मोठा मानून तिच्या नावावरून त्या उतरवत होतं.

यास्मिनच्याही ते लक्षात आलं. ती सन्मतीच्या कानाशी वाकली. "राहू दे ना. सत्त्याण्णव झालेत. ते आजच घरी जातील."

सन्मतीला मोह झाला. वडील वाचतील, जागा मिळेल, आणि कोणाचं काही बिघडणार नाही. मग तिने दारातल्या रावसाहेबांकडे पाहिलं. उद्या तिच्या नावापुढे सत्त्याण्णव दिसले की हा माणूस तिला 'नको' म्हणेल का? आप्पांना तरी कधी म्हणाला होता? पाच-दहा वर्षांत सत्त्याण्णवचे शंभर झाले असते.

"थांबा आप्पा," ती म्हणाली. "तो ड्रम माझा. तापमान मी चुकीचं धरलं होतं. त्याआधीच्या दोन्हीही माझ्याच."

"असू दे की माझ्याकडं. एवढ्यात आणखी तीन काय जड हायत मला?"

"मला पुढे जड होतील."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. यास्मिनने तिन्ही साक्षी परत सन्मतीच्या नावावर लावल्या. आणखी असंच काही इकडेतिकडे झालं आहे का, ते आप्पा आणि सन्मती शेजारी बसून तपासत राहिले. "ही माझी", "नाही, ती माझी" असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं, आणि अर्ध्या विसरलेल्या आणखी बऱ्याच चुका सन्मतीच्या नावावर आल्या. मग यंत्राने नवं उत्तर दिलं.

'ओतण्याचा हुकूम कोणी द्यावा: सन्मती. शक्यता: एकाहत्तर टक्के. रावसाहेब खोत यांनी हरकत घेतल्यास थांबावे. आप्पा: चौसष्ट टक्के.'

रावसाहेबांनी ते वाचलं आणि घाबरून मागे सरकले. आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चौसष्ट," ते म्हणाले. "दहावीला पण एवढेच पडले होते." सगळे हसले. आप्पांचा चेहरा हलका झाला होता. ते सन्मतीकडे वळले. "मग साहेब, उद्या किती वाजता सोडायचं?"

"उद्या ओतायचं नाही," सन्मती म्हणाली. "दोन आठवडे थांबू."

आप्पांचं तोंड सवयीने उघडलं. पुढचा शब्द सगळ्यांना माहीत होता: 'सोडा'. यास्मिनचे हात जागच्या जागी थांबले, दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आप्पांनी तो शब्द गिळला, खुर्ची सन्मतीच्या समोर ओढली आणि नीट बसले.

"का?" त्यांनी विचारलं.