दुसऱ्या मुलीचं नाव

"बाळाला आत्याचंच नाव ठेवू या की," असं फिनबार सहज म्हणून गेला, आणि पाव कापता कापता गोबनेटआत्याच्या हातातली सुरी जागच्या जागी थबकली.

चुलीजवळ बसलेल्या हॅनाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. इतक्या जपून ठेवला, की त्या जपण्याचीच भीती वाटावी.

बॅलीवूर्नी गावात रीत ठरलेली होती. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला बापाच्या आईचं. म्हणून फिनबारची थोरली नोरा झाली होती, त्याच्या बायकोच्या, ओर्लाच्या आईवरून. आता पाळण्यात ही दुसरी होती, आणि रविवारी तिचा बाप्तिस्मा. तिने हॅना व्हायचं, कारण गावाच्या लेखी फिनबारची आई हॅनाच होती...

पण त्याला जन्म दिला होता गोबनेटने! रस्त्याच्या कामावर आलेला एक तरुण बोस्टनला निघून गेला तो परतलाच नाही, आणि दिवस गेलेल्या कुमारी गोबनेटला दूरच्या शहरात लपवून ठेवावं लागलं. तिथे तिचं नावसुद्धा काढून घेतलं होतं. तिथे ती नुसती ॲबी होती. तिचा भाऊ आणि त्याची बायको हॅना निपुत्रिक होते. त्यांनी बाळ घरी आणलं आणि हॅनाने एकच अट घातली, की गोबनेटने याच घरात राहावं, त्याला न्हाऊमाखू घालावं, पण आत्या म्हणून, अखेरपर्यंत. डोळ्यांसमोर वाढेल, एवढंही पुष्कळ, असं म्हणून गोबनेट ते विष अमृत मानून प्यायली होती.

"आत्या, राग मानू नका हं," ओर्ला हसत म्हणाली, "पण वर्गात फिया नावाच्या तीन-तीन मुली असतात हल्ली. त्यांच्यात ही एकटी गोबनेट! पोरं सुखाने जगू देतील का हिला?"

गोबनेटने मग स्वतःच्याच नावाची थट्टा आरंभली. तिने सांगितलं, की गुरं चोरणाऱ्यांवर मधमाश्या सोडणाऱ्या आपल्या गावच्या संतिणीचं हे नाव. एकेकाळी बाजारात या नावाने हाक मारली, तर निम्म्या बायका मागे वळून बघत. पुढे इंग्लंडला कामाला गेलेल्या गोबनेटांच्या ॲबी नाही तर डेबोरा झाल्या आणि नाव म्हातारीबरोबर पुरलं जाऊ लागलं. कुणी म्हणे त्याचा अर्थ मधमाशी, शाळेतले मास्तर म्हणत लोहार. नांगी असो की हातोडा, तान्ह्या पोरीला दोन्ही नकोत.

"वहिनींचंच नाव ठेवा," ती म्हणाली. "रीत ती रीत."

सगळे हसले. हॅना हसली नाही.

कशी हसेल? घरात कुणी जन्मलं किंवा गेलं, की मधपेटीवर टकटक करून मधमाश्यांना सांगायचं, नाहीतर त्या रुसून निघून जातात, असं तिथली माणसं मानत. नात जन्मली त्या सकाळी गोबनेट परसात गेली होती आणि पेटीशी तोंड नेऊन कुजबुजली होती, "माझ्या फिनबारला मुलगी झाली गं... मला नात झाली." वळून बघते तो धुण्याची टोपली घेऊन हॅना मागे उभी. हॅना तशीच आत गेली. तेव्हापासून ती गोबनेटशी एक अक्षरही बोलली नव्हती. या वयात तिने आपल्याला घराबाहेर काढलं तर, या धास्तीने गोबनेट रात्र रात्र जागी राही. त्याहून भयंकर, फिनबारच कायमचा नजरेआड झाला तर?

शनिवारी हॅनाने विचारलं, "उद्या चर्चला येणार आहेस?"

"तुम्ही नको म्हणाल तर नाही येणार, वहिनी."

"ये. मागे बस."

गोबनेट अगदी शेवटच्या बाकावर बसली. पुढे फादरनी मुलीचं नाव विचारलं. फिनबार म्हणाला, "हॅना."

"थांबा, फादर."

हॅना काठी टेकत उभी राहिली होती. "दुसरी मुलगी बापाच्या आईच्या नावाची. रीत मोडायची नाही. हिचं नाव गोबनेट."

"आई, काय बोलतेस तू?"

"खरं तेच. मी तुला पदरात घेतलं, बाळा, पण जन्म तिने दिला." ती फिनबारकडे वळली. "आईपण सगळं मी घेतलं. चाळीस वर्षं ती ते फक्त माश्यांना सांगत आली... माणसांना सांगायची सोय मी ठेवलीच नव्हती."

"वहिनी, नका हो..." गोबनेट बाकावरून उठली.

फिनबार लेकीला घेऊन बाकांमधून मागे चालत आला. "आत्..." एवढंच त्याच्या ओठांवर आलं, आणि तो शब्द त्याला पुरा करता येईना. दुसरा शब्द अजून सापडत नव्हता. त्याने बाळ तिच्या हातांत दिलं.

"तूच धर. तुझ्या नावाची आहे."

फादरनी पुन्हा विचारलं, अगदी हळू. या वेळी उत्तर ओर्लाने दिलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "गोबनेट."

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता हॅनाने गोबनेटचा हात धरला आणि तिला परसात नेलं. मधपेटीवर तिने स्वतःच काठीने टकटक केली.

"सांग त्यांना."

"काय सांगू, वहिनी?"

"त्या दिवशी सांगितलंस तेच," हॅना म्हणाली. "फक्त आता मोठ्याने सांग."