जवळ कोणी नसताना

काम अगदी साधं होतं. फोनची काच तडकली होती, ती बदलून आणली, एवढंच. पण तेव्हापासून फोनला एक खोड लागली. कानाशी नेला की स्क्रीन विझते, हे ठीकच. माझा फोन टेबलावर, स्पीकरवर असतानाही विझायचा. आणि तोही फक्त ताईशी बोलताना.

ताई माझी थोरली बहीण. भावोजी वारल्यावर तिने दुसऱ्या गावी खोली घेतली, कुठे ते कुणालाच कळू दिलं नाही. भावोजी होते तेव्हा तिच्या प्रत्येक फोनला पलीकडून गाल चिकटवून ऐकत बसायचे. "जावई नव्हे, पहारेकरी मिळालाय," आई म्हणायची. आता ते नव्हते, तरी ताई पत्ता सांगायला कचरायची. "लिहून नाही पाठवणार. लिहिलेलं राहतं गं." तोंडी सांगायला लागली, की नेमकी स्क्रीन विझायची, आणि कुणी ऐकत असेल या धास्तीने मीच तिला गप्प करायचे.

माझा सगळा संशय दुरुस्तीवाल्यावर.

"नक्की काय बसवलंत यात?"

"काच, मॅडम. ओरिजिनल. एक बाई नवऱ्याचा जुना फोन विकून गेल्या, त्याची." जवळ काही आलं की स्क्रीन विझवणाऱ्या सेन्सरवरून त्याने बोट फिरवून पाहिलं. "सेन्सर शहाणा आहे की. तुमच्याच मनाची सर्व्हिसिंग करून घ्या."

मी काउंटरवर फोन ठेवून ताईला लावला. स्क्रीन विझली. त्याने काच पुसली, फुंकर मारली. विझलेलीच. त्याचं हसू जरा ओसरलं.

"सेन्सरची जोडणीच काढतो. मग विझायचा प्रश्न नाही. फक्त कानाला लावू नका, गालाने बटणं दाबली जातात."

घरी येऊन मी दाराला कडी घातली. फोन टेबलावर ठेवला, हात मांडीत घेऊन लांब बसले.

"झाला दुरुस्त. सांग आता."

"जवळ कोणी नाही ना?"

"कोणी नाही गं."

स्क्रीन लख्ख होती. "स्टेशनच्या मागे ये," ताई म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत नंबरांची बटणं उघडली. त्यातलं एक दाबलं गेलं. लांबलचक सूर वाजला.

"काय दाबतेयस?"

"मी नाही… ताई, थांब…"

म्यूटचं बटण उजळलं.

"ऐकतेयस ना? निळं फाटक. वरचा मजला…"

मी ओरडत होते. तिला ऐकू जात नव्हतं. म्यूट काढायला बोट टेकवलं, तर काच कोमट होती. किंचित ओलसर.

"...कडी जरा ढिली आहे. पण आता कोण येणार आहे?"

त्यानंतर माझ्या फोनला काहीच झालं नाही. भीतीपोटी सेन्सर पुन्हा जोडून घेतला, तरी स्क्रीन विझत नाही. ताईला मी फोन ठीक झाला एवढंच कळवलं.

काल तिचाच फोन आला.

"अगं, त्या तुझ्या दुरुस्तीवाल्याला विचार ना… माझा फोन टेबलावर ठेवला तरी विझतो."