संसाऱ्याची चाल

हसा, हसा. त्या रात्री रूबेनही हसतच निघाला होता. माझा जिवलग, खोटं रचायलासुद्धा आळशी, म्हणून त्याची गोष्ट खरी धरायची.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे पावणेदहा. म्हातारी वेरोना गेली होती. पहाटे चर्चच्या मनोऱ्यावरून पितळी ट्रॉम्बोनवर विधवेची चाल वाजवायची होती. आपल्या पंथात चालीवरूनच कळतं ना कोण गेलं : विधवा, ब्रह्मचारी की संसारी बाप्या? पुरतातही ज्याच्या त्याच्या रांगेत.

रूबेन चर्चमधून वाद्य आणायला निघाला, तशी त्याची बायको सेल्मा चहाटळपणे म्हणाली, "गॉटलोबला नमस्कार सांग माझा!"

"जेवायलाच आणतो की! तुझं सूप प्यायला मेलेलाच माणूस हवा."

चर्चमध्ये अजून फिरतो म्हणतात तो गॉटलोब म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या अमलात, सॅक्सनीहून जहाजानं आलेला आपला पहिला वादक. चर्चचा ऑर्गन त्यानं बसवला, गावाला सूर त्यानं शिकवला. "माझी बायको मागून येणाऱ्या जहाजात आहे," हे सांगून सांगून थकला बिचारा. ते जहाज आलंच नाही. लग्नाचा कागद नव्हता. वडीलधाऱ्यांनी त्याला ब्रह्मचाऱ्यांत ठेवला आणि ब्रह्मचाऱ्याच्या चालीवर पुरला.

...ए लिडिया पोरी, ऐकता ऐकता मेणबत्तीशी खेळू नकोस.

मनोऱ्याच्या जिन्यात मध्यावर असलेल्या कपाटातून रूबेननं ट्रॉम्बोन काढला. तेवढ्यात वर मनोऱ्यात दुसरा वाजला.

एकटाच. खर्जातला. संसारी पुरुषाची चाल.

गावात आजारी पुरुष एकही नाही. मग ही कुणासाठी? संसारी तर तो स्वतःच. जिना अंधारा...

तिसऱ्या ओळीवर चाल अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडली.

"कोण आहे?" रूबेन एक पायरी चढला.

"गॉटलोबदादा?"

वरच्या पायरीवर कुणीतरी श्वास घेतला.

पळायला दार होतं. पण रूबेन वादक. त्याला कळलं, खर्जाच्या जोडीला वरच्या पट्टीतला सूर धरणारा कुणी नाही, म्हणून चाल अडते. आपण धरला, तर ती आपल्यासाठीच ठरेल?

त्यानं धरला.

तिसरी ओळ. चौथी. संपली.

ट्रॉम्बोन काखेत मारून तो घरी आला.

घराच्या दारात सेल्मा, पांढरीफटक. "मुडद्या, कुणाची चाल वाजवलीस? मला वाटलं, तूच..."

पहाटे वेरोनाची चाल वाजवून रूबेन दफनभूमीत गेला. ब्रह्मचाऱ्यांच्या रांगेत गॉटलोबच्या थडग्याची फरशी नव्हती. तिथं सलग गवत. फरशी होती संसाऱ्यांच्या रांगेत. माती कुठं उकरलेली नाही. आणि कडांना शेवाळ... अडीचशे वर्षांचं.