एका ट्रेमधल्या दोन बाटल्या

"माझ्या लेकीला कुणीतरी दुसऱ्यांदा मारलं," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

वहिनी खासगी तपास करायच्या आणि त्यांचा दीर, दातांचा डॉक्टर, दवाखान्याला दांडी मारून त्यांच्या मागं मागं फिरायचा. हे ऐकून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. मग उलगडा झाला. मुलगी आजारानं गेली होती. तिच्या त्वचेच्या पेशी बाईंनी बाटलीत जिवंत ठेवल्या होत्या. शेवटची बाटली काल मेली.

"आजार कसला?" वहिनींनी विचारलं.

"डीएनए बिघडला की एक एन्झाइम तिथल्या प्रथिनांवर खूण चिकटवतं. खूण दिसली की दुरुस्ती होते, मगच डीएनएची नक्कल नीट निघते. तिच्यात ते एन्झाइमच नव्हतं. ती होती तोवर आम्ही घराचे पडदे उघडले नाहीत."

बाईंच्या हाताखालची विद्यार्थिनी रडवेली झाली होती. "ट्रेमध्ये शेजारी निरोगी पेशींची बाटली होती. ती ठणठणीत आहे. पण ट्रे कुणीतरी हलवून कपाटात उलट्या बाजूनं ठेवलेला, नावं मागच्या बाजूला. विषही तपासलं, काही नाही."

"हिचंच काम, वहिनी," डॉक्टर कुजबुजला.

"भाऊजी, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! जरा दम धरा."

रखवालदार म्हणाला, "काल बाई मीटिंगला गेल्यावर त्यांचे मिस्टर आले होते. नेहमीच येतात. ते काय परके आहेत?"

मिस्टर बाहेर बाकावर बसले होते. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. वहिनी शेजारी टेकल्या.

"लेकीला बघायला येता?"

"हो. आता इलाज सापडलाय ना! पेशी बऱ्या झाल्या, असं हिनंच सांगितलं. तेव्हापासून मला घास जातो."

वहिनी उठल्या. मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"अख्खा ट्रे हलला, म्हणजे जे झालं ते दोन्ही बाटल्यांना झालं. एकीनं स्वतःची दुरुस्ती केली, दुसरीला करता आली नाही. निरोगी पेशी सहज सोसतात आणि हिला सोसत नाही, असं काय आहे?"

"ऊन! म्हणून ते बंद पडदे!" डॉक्टर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं उत्तर बरोबर आलं होतं, आणि आलं नसतं तर बरं, असं त्याला झालं.

"आणि हिला उन्हात कोण नेईल? ती बरी झाली, असं ज्याला वाटतं तोच."

"मी नेली," मिस्टर म्हणाले. "गच्चीवर. म्हटलं, कधी ऊन पाहिलं नाही पोरीनं, घटकाभर खाऊ दे. का? काय झालं?"

बाई मटकन खाली बसल्या. "इलाज सापडलाच नव्हता हो. तुम्ही जेवत नव्हता, म्हणून मी खोटं बोलले."

मिस्टरांनी बाटली हातात घेतली.

"तिला दुखलं असेल का गं?"

पेशींना दुखत नाही, हे बाई दरवर्षी वर्गात शिकवत. आता मात्र ते त्यांना काही केल्या बोलवेना. नवऱ्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून त्या हमसून हमसून रडू लागल्या.