बारा पिंपं गोडं पाणी

शंखदुर्गाच्या तटावर झुंजुमुंजू झाले, तेव्हा समोर फिरंग्यांची जहाजे तशीच उभी होती, आणि तोफेच्या गोळ्याने पाण्याचे टाके फुटल्यापासून तीन दिवस घसे कोरडे पडलेली दोनशे माणसे समुद्राकडे पाहून समुद्रालाच शिव्या देत होती. अशा समयी, पाठीमागच्या खडकांतून, जिथे होडीही कुणी घालत नसे तिथून, भरती साधून सिद्दी मर्जानने बारा पिंपे गोडे पाणी भरलेले गलबत दर्यादरवाज्याच्या पायरीला आणून लावले. आरमारात हबशाला सारंगकी, म्हणजे गलबताची मुखत्यारी, मिळाली ती पहिल्यांदा यालाच. आणि मिळाली तीही कुरकुरतच.

"लवकर उतरवा!" मर्जान ओरडला. "घटकाभरात ओहोटी लागेल. गलबत खडकावर बसलं, की फिरंग्याला आयतं निशाण."

वरून कारभारी त्र्यंबकपंतांनी हात केला. "थांबा! पिंपांना शिवू नका. आमचा पाणक्या येऊन ओतून घेईल. हबशाच्या हातचं गडावर चालायचं नाही."

मर्जान हसला. "पंत, माझा रंग पाण्यात उतरत नाही. चाखून बघा."

"काल शेळीचं मूत गाळून प्यालात, पंत," गोलंदाज लखू भंडारी तटावरून म्हणाला, "तिची जात विचारली होतीत?"

किल्लेदार हैबतराव सुर्वे तिथेच उभे होते. त्यांचा एक शब्द पुरला असता. ते फिरंग्यांची जहाजे मोजत राहिले.

पाणक्या तापाने फणफणलेला. अंघोळीला पाणी नाही म्हणून त्याला भस्म फासून, दोघांनी धरून खाली आणेपर्यंत ओहोटी लागली. गलबत कलंडले. फिरंगी तोफा वळल्या.

मर्जानने खलाशांना दोरावरून तटावर चढवले आणि स्वतः कमरभर पाण्यात उभा राहून एकेक पिंप दोराला बांधू लागला. "ओढा! जातीचं वर गेल्यावर बघा!"

बाराव्याची गाठ मारली आणि गोळा आला. पिंप वर पोचले. मर्जान नाही.

गड प्याला. पंतही ओंजळीने, दाढी भिजवीत प्याले. कुणी पाणक्याला हाक मारली नाही. थू त्या सोवळ्यावर!

आठव्या दिवशी कुमक आली, वेढा उठला. राजधानीस पत्र तयार झाले: 'पाण्याची तजवीज जाहली. किल्लेदारांनी शर्थ केली.'

"धनी, सारंगाचं नाव?" लखूने विचारले.

हैबतरावांनी मान वर केली नाही. "नाव लिहिलं, तर तो पायरीशी ताटकळत का उभा होता, तेही लिहावं लागेल."

आणि त्यांनी शिक्का उमटवला.